चौथ्या हौदावरची साय

तलाव हिरवा झाला याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात तो थोडाफार व्हायचाच. यंदा मात्र त्याने मनावर घेतलं. एखाद्या वैतागलेल्या रंगाऱ्याने ऑइलपेंटचे डबे उपडे करून निघून जावं तसं पाणी दिसू लागलं. वास तर असा, की काठावरच्या बाकांवर बसणारी जोडपी एकाएकी नाहीशी झाली. त्यांनी बहुधा लग्नं उरकून टाकली असावीत.

जलशुद्धीकरण केंद्राचे मुख्य इंजिनिअर, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत, हे तडफेचे गृहस्थ होते. त्यांनी होड्या काढल्या आणि शेवाळ मारायला तलावभर मोरचूद टाकला. केंद्राच्या केमिस्टबाई त्याआधी त्यांना एक गोष्ट सांगायला गेल्या होत्या.

“साहेब, हे निळसर हिरवं शेवाळ आहे. याच्या पोटात विष असतं. जिवंत आहे तोवर बरंचसं पोटातच राहतं. एकदम मारलं की पोट फुटतं आणि विष पाण्यात उतरतं.”

“म्हणजे मारायचंच नाही?”

“तसं नाही, पण आधी…”

इतक्यात साहेबांना फोन आला. फोन संपेपर्यंत होड्या निघाल्या होत्या.

शेवाळ मेलं. पाणी नितळ झालं. होडीत उभ्या असलेल्या साहेबांचा फोटो पेपरात आला. त्यात ते तलावाकडे अशा नजरेने बघत होते, की पुन्हा हिरवं व्हायची त्याची छाती होऊ नये. त्याच सकाळी केमिस्टबाईंनी गावाला जाणाऱ्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर पाणी चांगलं, एकच उमटली तर विष. एकच उमटली. पाणी दिसायला मात्र इतकं सुंदर होतं, की बाटलीत भरून शोकेसमध्ये ठेवावं.

पिऊ नका म्हणून गावभर सांगितलं गेलं. लोकांनी थोडी कुरकुर केली आणि बाटल्या विकत आणल्या. पण जिचं काम बाटल्यांवर भागत नाही अशी एक जागा गावात होती, आणि केमिस्टबाईंचं अर्धं घर तिथे आठवड्यातून तीनदा जात असे. अर्धं घर म्हणजे त्यांचे सासरे. नवरा बोटीवर होता. तो महिन्यातून एखादा दिवस नेटवर्कमध्ये येई.

सासऱ्यांनी उभा जन्म रेडिओवर क्रिकेटचं समालोचन केलं होतं. निवृत्त झाल्यावर मैदान गेलं, तोंड राहिलं. सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात शिरल्या की बाहेरच्या खुर्चीतून सुरू व्हायचं: “सूनबाई आता फ्रिजच्या टोकाकडून येताहेत, हातात पातेलं, आणि झाकण… झाकण निसटलंय, पण दूध सुरक्षित.” रेडिओवर शांततेइतका मोठा गुन्हा नाही असं त्यांचं मत होतं. जरा वेळ कुणी बोललं नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं सेट बिघडला. मूत्रपिंडं निकामी झाली ती बातमीसुद्धा त्यांनी नातेवाइकांना “दोन्ही सलामीवीर तंबूत परतले” अशी कळवली होती. डायलिसिस सेंटरमध्ये त्यांना ‘रेडिओ’ म्हणत, आणि त्यांची पाळी असेल त्या दिवशी तिथला टीव्ही बंद ठेवत.

पट्टीवर एकच रेघ आली त्या दिवशी सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळी मशीन थांबवली.

“जंतू आमची यंत्रणा अडवते,” त्या केमिस्टबाईंना म्हणाल्या. “हे विषही बरंचसं अडवेल. पण ‘बरंचसं’च्या भरवशावर मी कुणाचं रक्त सोडत नाही. तुम्ही पाणी पिता तेव्हा मध्ये पोट असतं, ते चार गोष्टी सोसतं. इथे पाणी रक्ताला खेटून वाहतं. मध्ये फक्त एक पातळ पडदा.”

“टँकर मागवला तर?”

“एका माणसाच्या एका पाळीला पिंपंच्या पिंपं लागतात. आणि टँकर भरणार कुठून? आजूबाजूला सगळीकडे तुमच्याच तलावाचं पाणी.”

सासऱ्यांची एक पाळी हुकली. पाय असे सुजले की चपलांनी राजीनामा दिला. बोलणं चालूच होतं, पण वाक्यं आखूड झाली होती आणि प्रत्येक वाक्यानंतर ते श्वास घ्यायला थांबत. डॉक्टरीणबाईंनी त्यांची छाती तपासली आणि सुनेला बाहेर बोलावलं.

“उद्या दुपारपर्यंत मला चांगलं पाणी द्या. नाहीतर यांना दुसरीकडे हलवावं लागेल. तिथे जागा मिळेल का, माहीत नाही. या अवस्थेत एवढा प्रवास झेपेल का, तेही माहीत नाही. आणि असे हे एकटे नाहीत.”

केमिस्टबाई तिथून थेट केंद्रावर गेल्या.

केंद्रात वाळूचे चार मोठे उघडे हौद होते. तलावाचं पाणी हौदात यायचं, वाळूतून सावकाश झिरपायचं आणि खालून गावाकडे जायचं. वाळूवर कालांतराने एक बुळबुळीत तपकिरी थर धरतो. कामगार त्याला साय म्हणत. महिन्याभरापूर्वी आदर्श केंद्र निवडणारी एक समिती येणार होती, तेव्हा साहेबांनी हौद रिकामे करून ती साय खरवडून काढायला लावली आणि वाळू क्लोरीनने धुऊन घेतली. वाळू इतकी पांढरी निघाली की तिच्यावर टॉवेल पसरून पडावंसं वाटावं. समिती खूश झाली. पण धुतले गेले ते तीनच हौद. चौथ्याचा, हौद रिकामा करायचा तळाचा व्हॉल्व्ह कैक वर्षं गंजून घट्ट बसला होता, त्यामुळे तो हौद रिकामाच होईना. समिती फाटकाशी आली तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून एक मोठा फलक निघाला आणि चौथ्या हौदाच्या पुढ्यात, थेट रस्त्यावरच, उभा राहिला. त्यावर लिहिलं होतं: ‘स्वच्छता हाच आमचा श्वास’. शेजारी साहेबांचा हसरा चेहरा, दाराएवढा मोठा. समिती गेली. फलक राहिला, आणि त्यामागे चौथा हौद आपला झिरपत राहिला.

चारही हौदांचं पाणी पुढे एका टाकीत मिसळायचं, आणि तपासणी व्हायची ती त्या टाकीची. आज केमिस्टबाईंनी पहिल्यांदाच प्रत्येक हौदाखालचं पाणी वेगळं घेतलं. तिन्ही पांढऱ्या हौदांच्या पट्ट्यांवर एकच रेघ आली. चौथ्याच्या पट्टीवर दोन.

त्यांनी स्वतःवर संशय घेतला, कारण प्रयोगशाळेत संशय घ्यायला तेवढंच माणूस हजर होतं. बाटली धुतली, हात धुतले, पाणी पुन्हा आणलं. पुन्हा दोन रेघा. दुसरी रेघ तर पहिलीपेक्षा ठळक.

बाहेरून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत होता. फलकामागे दोन कामगार घण घेऊन चौथ्या हौदाच्या व्हॉल्व्हशी झटत होते. साहेब शेजारी उभे होते, बाही दुमडून.

“बाई, विष कुठून येतंय ते उघड आहे,” साहेब म्हणाले. “तीन हौद आरशासारखे. घाण काय ती इथे. आज खाली करून क्लोरीनने घासून काढतो.”

“साहेब, उलटं आहे. तिन्ही हौदांतून विष येतंय. या एकातूनच येत नाही.”

“मशीन बिघडलं असेल.”

“मशीन नाही, पट्टी आहे. आणि तिघांना बरोबर, चौथ्यालाच चुकीचं?”

“पट्टीलाही मूड असतो.”

घण पुन्हा वर गेला. केमिस्टबाई व्हॉल्व्हच्या चाकावर जाऊन बसल्या. आयुष्यात त्या कधी कशाच्या आड आल्या नव्हत्या, त्यामुळे हे कसं करतात याची त्यांना नीट कल्पना नव्हती. कामगारांनाही नव्हती. घण जिथल्या तिथे थांबला.

“चहातली साखर गाळणीत अडते का हो?” बाईंनी विचारलं.

“नाही. पावडर अडते.”

“तसंच हे. विष पाण्यात विरघळलंय. वाळू कितीही पांढरी असली तरी ते खाली जाणारच. इथे मात्र वरून साखरेचा चहा येतोय आणि खालून फिका निघतोय.”

साहेब विचारात पडले. “मग साखर जाते कुठे?”

“कुणीतरी खातं.”

“कोण?”

बाईंनी सायीकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिच्याकडे, ज्याचं नाव हजेरीपटावर नाही असा माणूस वर्षानुवर्षं काम करताना सापडावा, तसं पाहिलं.

“हे सिद्ध करा,” ते अखेर म्हणाले. “उद्या सकाळपर्यंत. नाहीतर घण.”

बाईंनी तलावाच्या विषारी पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. एकीत हौदातली चमचाभर साय टाकली. दुसरीत तेवढीच साय टाकली, पण आधी चांगली उकळून. साय नुसती चिकटपणाने विष धरून ठेवत असेल, तर दोन्ही बाटल्या सारख्या निघतील. काम जिवंतपणाचं असेल, तर उकळलेली बाटली तशीच राहील. विष उकळून नाहीसं होत नाही. सायीतले जीव मात्र मरतात. मग दोन्ही बाटल्या सतत हलत राहणाऱ्या फळीवर ठेवून त्या घरी आल्या.

“काय स्कोअर?” सासऱ्यांनी विचारलं. पाठीशी उशा रचून ते बसले होते.

बाईंनी सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “बाटली सकाळी बरोबर निघाली तर उद्या तुम्हाला चौथ्या हौदाचं पाणी लावता येईल.”

“म्हणजे सायीचं.”

“सायीतल्या जिवाणूंचं.”

“सूनबाई, मी खेळपट्टी बघितल्याशिवाय कधी मॅचबद्दल… बोललो नाही. कोणाच्या भरवशावर रक्त सोडतोय… त्यांचं तोंड तरी बघू दे.”

“बाबा, तुम्हाला चालवत नाहीये.”

“चाकांची खुर्ची चालते ना. मला नाही, तिला चालायचंय.”

सकाळी चाकांची खुर्ची प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर अडकली, तेव्हा ती आत घ्यायला साहेबच पुढे झाले. घण त्यांनी बाहेर ठेवला होता, पण हाताच्या अंतरावर. बाईंनी दोन पट्ट्या दोन बाटल्यांत बुडवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तिघंही वाकून बघू लागली. उकळलेल्या सायीच्या पट्टीवर एक रेघ आली, आणि तिच्यापुढे पांढरं कोरं. जिवंत सायीच्या पट्टीवर एक रेघ आली. मग बऱ्याच सावकाशीने, कुणीतरी आतून पेन्सिल फिरवावी तशी, दुसरी आली.

“आता त्यांचं तोंड दाखव,” सासरे म्हणाले.

बाईंनी सायीचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्या उंचीला आणून दिला. सासऱ्यांनी डोळा लावला आणि अपेक्षेप्रमाणे सुरुवात केली.

“हं. प्रकाश उत्तम. मैदान हिरवंगार… अरे, काचेच्या होड्या आहेत. सोनेरी. आपल्या आपण चालल्यात, वल्ही नाहीत. इथे एक घंटा आहे, स्प्रिंगवर बसवलेली. लांब होते… झटकन मिटली. कुणाचा तरी धक्का लागला. हा कोण? याच्या डोक्यावर दोन चाकं फिरताहेत. खरोखर फिरताहेत, सूनबाई. सगळं आत ओढतोय पठ्ठ्या. साहेब, हे सगळे कायम आहेत की कंत्राटी?”

“रेकॉर्डवर नाहीत,” साहेब म्हणाले.

“हे मोठे मोठे झाले, बाबा. हे फक्त शेजारी,” बाई म्हणाल्या. “विष खाणारे याहून कितीतरी लहान.” त्यांनी भिंग बदललं, तेलाचा थेंब सोडला, स्क्रू केसभर फिरवला. “आता हे धुळीसारखे दिसताहेत ना, ते. आखूड कांड्या.”

“हे? हे तर नुसते थरथरताहेत.”

“त्यांच्यापैकीच काहीजण हे काम करतात. विषाचा रेणू म्हणजे एक कडं आहे, सात मण्यांचं, जोड न सापडणारं. तासभर उकळा, तुटत नाही. उन्हात ठेवा, दिवसेंदिवस टिकतं. ते जोवर कडं आहे तोवर विष. हे जिवाणू नेमक्या दोन मण्यांमधला एक सांधा शोधतात आणि तेवढाच कापतात. कडं उघडलं की विषाचा जोर गेला. मग उरलेले मणी एकेक करून खाऊन टाकतात. त्यांना ते अन्न आहे.”

“शिकवलं कोणी?”

“कुणीच नाही. दर उन्हाळ्यात तलाव थोडा हिरवा होतो, थोडं विष इथे येतं. बाकीचे हौद आपण घासत राहिलो. हा एक व्हॉल्व्ह अडकला म्हणून राहून गेला. ज्यांना कापता आलं त्यांना खायला मिळालं, ते वाढले. यांची पिढी काही तासांत बदलते. आपल्याकडे एक बाळ रांगायला लागेपर्यंत इथे एवढ्या पिढ्या होऊन जातात, की माणसाच्या हिशेबात मांडल्या तर शेतीचा शोधही मागे पडेल.”

सासरे काही बोलले नाहीत. डोळा भिंगाला, एक हात टेबलावर. बाई वाट बघत राहिल्या. मग त्यांना धडकी भरली, कारण त्यांचं लग्न झाल्यापासून या माणसाच्या आसपास एवढी शांतता कधी झाली नव्हती.

“बाबा? दम लागतोय का?”

सासऱ्यांनी डोळा न काढता दुसरा हात वर केला, तळवा बाहेर. गोलंदाज धावत निघाला की शेजारच्या सहकाऱ्याला गप्प करायला ते बूथमध्ये असाच हात वर करत. तो हात बराच वेळ वर राहिला. भिंतीवरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“चला,” ते शेवटी म्हणाले.

मग साहेबांनी डोळा लावला. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा फलकावरच्यासारखा अजिबात दिसत नव्हता.

“बाई, यातल्या एखाद्याने ते पहिल्यांदा केलं असेल ना? पहिलं कडं?”

“असेल.”

“आणि आपल्याला पत्ता नाही.”

“आपण तेव्हा समितीच्या तयारीत असू.”

साहेब यावर रागावतील असं वाटलं होतं. ते मान हलवत बाहेर गेले आणि टँकर आतून धुवून घ्यायची ऑर्डर दिली. अडचण एकच होती. टँकर चौथ्या हौदाशी नेण्याच्या रस्त्यात फलक होता. कामगार त्याच्याभोवती घुटमळले. साहेबांच्या तोंडाला हात घालायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

“पाडा,” साहेब म्हणाले.

फलक पालथा पडला. टँकर त्याच्यावरून गेला. साहेबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही, ते कामगारांना घमेली आणायला सांगत होते. चौथ्या हौदाच्या एका कोपऱ्यातली थोडी साय उचलून बाकीच्या तीन हौदांत पसरायची होती.

“लगेच काम करेल?” त्यांनी बाईंना विचारलं.

“नाही. काही आठवडे तरी घेईल. आधी रुजावी लागेल. आणि मध्ये कुणी धुवायची नाही.”

“कुणी हात लावला तर मला सांगा,” साहेब म्हणाले. महिन्याभरापूर्वी तिला हात कुणी लावला होता हा विषय तिथे उपस्थित असलेल्या एकानेही काढला नाही.

सेंटरवर डॉक्टरीणबाईंनी टँकरच्या नळातून स्वतः पाणी घेतलं, स्वतः पट्टी बुडवली. दोन रेघा आल्या तरी त्या समाधान मानेनात. आपल्या यंत्रणेतून निघालेलं पाणी पुन्हा तपासलं. तिथेही दोन. मग त्यांनी केमिस्टबाईंकडे बघून विचारलं, “पहिल्या खुर्चीवर कोणाला घेऊ?”

“माझ्या सासऱ्यांना,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी येताना टँकरच्या केबिनमध्ये मनात घोळवलं होतं.

“टॉस जिंकला,” सासरे खुर्चीवरून हळूच म्हणाले. सुई गेली. मशीनचं चाक फिरू लागलं आणि लाल रेष नळीतून वर चढली. बाईंनी ती पडद्यापर्यंत पोचेपर्यंत बघितली. पुढे बघवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही इथे उभ्या राहिलात तर मला दोन पेशंट सांभाळावे लागतील. जा तुमच्या हौदाकडे. मी फोन करते.”

दुपार चढली. चौथ्या हौदाच्या कठड्यावर बाई बसल्या होत्या, फोन मांडीवर. पाणी हलत नव्हतं. तळाशी साय पसरली होती, चहाच्या डागाच्या रंगाची, अधूनमधून एखादा बुडबुडा सोडणारी. हिच्यापेक्षा सामान्य दिसणारी गोष्ट अख्ख्या केंद्रात नसेल. तिच्या चिमटीभर तुकड्यात आत्ता जेवढे जीव होते तेवढी माणसं गावात कधी जन्मली नव्हती, आणि त्यातले कितीतरी या घडीला वाकून तो एक सांधा शोधत होते. कापत होते. पुढच्याकडे वळत होते. वर फोटो घ्यायला कुणी नव्हतं.

साहेब आले. केंद्राच्या एका टोकाला त्यांनी हाक मारली की दुसऱ्या टोकाचा माणूस दचकायचा. पण कठड्याजवळ येताना त्यांचा आवाज आपोआप उतरला, पाळण्यात बाळ झोपलेल्या खोलीत शिरल्यासारखा.

“आला का फोन?” ते कुजबुजले.

“नाही अजून,” बाईही कुजबुजल्या.

“बरं.” ते थोडं अंतर ठेवून बसले. “बाई, मी यांच्यावर क्लोरीन ओतणार होतो.”

“हो.”

“व्हॉल्व्ह अडकला म्हणून.”

“हो.”

त्यांनी त्या गंजलेल्या चाकाकडे पाहिलं, आणि उठून त्याच्याभोवती पडलेला पालापाचोळा पायाने बाजूला सारला.

फोन वाजला. बाईंच्या मांडीवरून तो पाण्यात पडायचाच राहिला.

“झालं,” डॉक्टरीणबाईंचा आवाज. “रक्तदाब चांगला आहे, श्वास मोकळा आहे. दुसरी तुकडी खुर्च्यांवर बसवलीय, आणखी एक टँकर पाठवा. थांबा, तुमचे सासरे फोन मागताहेत.”

“सूनबाई,” सासऱ्यांचा आवाज आला. वाक्य लांब होतं, मध्ये श्वासाला थांबणं नव्हतं. “मी इथे आडवा, खिडकीतून फक्त भिंत दिसते, तू मैदानावर आहेस. आज तू सांग आणि मी ऐकतो. काय दिसतंय?”

बाईंनी हौदात बघितलं. डोळ्यांतलं पाणी पुसून पुन्हा बघितलं.

“काहीच दिसत नाही, बाबा. नुसती साय आहे.”

“आणि?”

“आणि चाललंय सगळं.”

त्या खाली वाकल्या आणि फोन पाण्याच्या अगदी जवळ धरला. साहेबांनी श्वास रोखला. एक बुडबुडा वर आला आणि फुटला. फोनमधून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. सेट बिघडलेला नव्हता.